आढ्याचा दिवा

घरातला आढ्याचा दिवा बिघडला, की आपण काय करतो? स्टूल ओढतो, वर चढतो आणि थेट हात घालतो. नुसता बल्ब गेला असला तर काम तेवढ्यावर भागते. पण कधी होल्डरच जळून काळा पडलेला असतो. कधी चिनी मातीची बैठक तडकलेली असते, तर कधी पोरांच्या हट्टाने बाजारातून चकचकीत नवा दिवा आलेला असतो. मग जुने सगळे उतरवून नवे चढवायचे. काम अर्ध्या तासाचे, पण त्यात माणसे दगावतात. बहुतेक वेळा ती निष्काळजी नसतात. खाली बटण बंद आहे, म्हणजे वर वीज नाही, अशी त्यांची साधी समजूत असते. ही समजूत चुकीची का आहे, ते सांगायला मला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागणार आहे, आणि जायचे ते आपल्या मावळातच. कारण तुमच्या डोक्यावरच्या त्या दोन तारांची गोष्ट लोणावळ्याच्या पावसापासून सुरू होते.

आढ्याला दिवा टांगायची रीत मात्र विजेहून फार जुनी. लामणदिवा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पितळी साखळी, खाली तेलाचे दिवठण. साखळी तुळईच्या कडीत अडकवलेली असे आणि दिव्याचा सगळा भार त्या कडीवर असे. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे. लाकडाच्या आढ्याचे म्हणाल, तर कार्ल्याच्या चैत्यात छताखालच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत. शिक्षक मंडळी सहल नेतात तेव्हा मुलांना त्या वर बघून दाखवतातच. लामणदिव्यामागून रॉकेलचा कंदील आला, चिमणी आली, लग्नकार्यात गॅसबत्ती आली. या सगळ्यांत एक गुण होता. धोका डोळ्यांना दिसत असे. ज्योत दिसते, काजळी दिसते, तेल सांडले तर वास येतो. विजेच्या तारेला रंग आहे, पण वास नाही, आवाज नाही, आणि जिवंत तार व मेलेली तार दिसायला अगदी सारखी.

मुंबईत विजेचा पहिला मोठा प्रयोग १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात झाला. मंडई विजेच्या दिव्यांनी उजळली खरी, पण दुसऱ्याच वर्षी ती कंपनी बुडाली. पुढे १९०५ मध्ये शहराला वीज पुरवणारी आणि ट्रॅम चालवणारी नवी कंपनी निघाली, आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्रॅम धावली. ही वीज कोळशावर होत असे. गिरण्यांची चाकेही कोळशावरच फिरत. कोळसा यायचा लांबून, आणि धूर पसरायचा गिरणगावावर.

इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने काय चालते, ते मावळकरांना सांगायला नको. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथ्यावरून खाली पाहिले, तर खोपोली जवळजवळ पायाशी दिसते. डेव्हिड गॉस्टलिंग नावाचे मुंबईतले एक स्थापत्यतज्ज्ञ होते. हे पाणी अडवावे, कड्यावरून खाली सोडावे आणि त्यावर वीज करावी, ही कल्पना त्यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी १९०४ मध्ये वारले, काम त्यांना पाहायला मिळाले नाही. कंपनी १९१० साली स्थापन झाली. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्याला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि चारच वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, खोपोलीची वीज मुंबईला निघाली.

योजना अशी होती. लोणावळा, वळवण आणि शिरोता असे तीन तलाव बांधायचे. पावसाळ्यात भरून ठेवायचे आणि वर्षभर पाणी पुरवून वापरायचे. ते कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणायचे आणि तिथून पोलादी नळांतून खोपोलीला सोडायचे. उतार सुमारे १,७२५ फुटांचा. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा दाब दर चौरस इंचाला साडेसातशे पौंडांच्या आसपास भरतो. ती धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरते, त्याला जोडलेले जनित्र फिरते. मग वीज एक लाख व्होल्टच्या दाबाने तारांवर चढवून सुमारे ४३ मैलांवरच्या परळला न्यायची.

गुरुजींनी वर्गात व्होल्ट आणि अँपिअर समजावून देताना हा नळ जरूर वापरावा. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे धारेची जाडी. परळला दाब उतरवला, गल्लीत आणखी उतरवला, असे करत करत घरात यायला २३० व्होल्ट उरतात. 'उरतात' म्हणालो, पण माणूस मारायला तेवढे पुरेसे आहेत बरं का. अँपिअरच्या हजाराव्या भागाला मिलीअँपिअर म्हणतात. असे तीस-चाळीस मिलीअँपिअर छातीतून गेले, तर हृदयाचा ताल बिघडू शकतो. एक साधा नऊ वॅटचा एलईडी दिवासुद्धा एवढाच प्रवाह घेतो.

या योजनेची एक बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. वळवणचे धरण इंद्रायणीवर आहे. इंद्रायणी पूर्वेला वाहते, देहू-आळंदीला जाते, पुढे भीमेला मिळते. तिचे हे पाणी पश्चिमेला वळवले गेले. ते खोपोलीला वीज करून पाताळगंगेत उतरते आणि अरबी समुद्राला जाते. पुढे आंद्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. त्यानंतर मुळा नदीवर मुळशीचे धरण आले, आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजघर. तिन्ही ठिकाणी तीच तऱ्हा: देशावरचे पाणी, कोकणात वीजघर, मुंबईला उजेड. आजही या तीन वीजघरांची क्षमता मिळून सुमारे साडेचारशे मेगावॅट आहे.

मुळशीची कथा तर मावळखोऱ्यातल्या घरोघरी ठाऊक असायला हवी. धरणाखाली गावे जाणार, भाताची खाचरे जाणार, म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. शेतकरी तुरुंगात गेले, बायाबापड्या गेल्या. पण बऱ्याच ठिकाणी जमिनीचे कागद सावकारांच्या नावावर होते. त्यांतल्या पुष्कळांना मोबदला हवा होता, जमीन नव्हे. तीन वर्षांनी लढा मोडला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि गावे पाण्याखाली गेली. माझे मत विचाराल, तर वीज व्हायला हवी होती, पण ज्यांच्या अंगणातून पाणी गेले त्यांच्या घरात पहिला दिवा लागायला हवा होता. तसे झाले नाही. पहिली वीज गिरण्यांना गेली. खंडाळ्याच्या घाटातून विजेची गाडी धावू लागली, १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. आणि बहुतेक वाड्यावस्त्यांत पुढची कित्येक दशके, लाख व्होल्टच्या तारांखाली, कंदीलच तेवत होते.

१९५६ साली आकाशवाणीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे भरवली. तेव्हा अनेक गावांत रेडिओ बॅटरीवर चाले, कारण खांबच आलेले नव्हते. मुंबई राज्याचे वीज मंडळ १९५४ चे, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चे. खांब गावात आले ते मुख्यतः त्यानंतर. १९८८-८९ मध्ये कुटीर ज्योती योजना निघाली. गरीब घराला एक दिवा, एकच. तो बहुधा आढ्याखालीच असे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एका दिव्यासाठी ओढलेल्या त्या तारांवर पुढे काय काय चढले, ते आठवून बघा. होल्डरमध्ये पिन घालून रेडिओ, मग पंखा, मग टीव्ही. एका खोलीची वायर फोडून दुसऱ्या खोलीला. एका पिढीने लाकडी पट्टीवर रबरी वायर ठोकली, दुसरीने तिला प्लॅस्टिकची वायर पिळून जोडली, तिसरीने सगळे नळीत लपवले. मावळातल्या जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर चढा, ही तिन्ही युगे एका वाशावर सापडतील. कोणी, केव्हा, कोणत्या रंगाची वायर कशाला लावली, याचा कागद कुठेच नसतो. जुन्या चालीप्रमाणे लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग. नव्या लवचीक वायरींत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. पण वायरमनच्या पिशवीत त्या दिवशी लालच उरली असेल, तर दोन्ही लाल! म्हणून रंगावर विश्वास ठेवायचा नाही.

बटण बंद असूनही वर वीज कशी राहते, ते पाटाच्या पाण्यावरून पाहू. फेजची तार म्हणजे पाण्याने भरलेला पाट. न्यूट्रल म्हणजे पाणी परत जायची वाट. ती ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते. पाटाचे दार शेताच्या आधी असले, तर दार लावताच शेत कोरडे पडते. तेच दार शेताच्या पलीकडे, पाणी बाहेर पडते तिथे बसवले, तर काय होईल? दार लावल्यावर वाहणे थांबेल, पण शेत पाण्याने भरलेलेच राहील. बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असले, की नेमके हेच होते. दिवा विझतो, आणि होल्डर जिवंत राहतो. तुम्ही ओल्या जमिनीवर उभे राहून त्याला हात लावलात, की परतीची वाट तुम्हीच झालात. अशी उलटी जोडणी जुन्या घरांत विरळा नाही. शिवाय काही बैठकांत पुढच्या खोलीला जाणारी फेजची तार तिथूनच वळवलेली असते. तिला तुमच्या बटणाचा काहीच पत्ता नसतो.

यावर उपाय एकच, मेन स्विच बंद करणे. जुना किटकॅट फ्यूज असला तर तो काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. फळीवर ठेवला, तर दिवे का गेले म्हणून घरातले कोणीतरी तो परत बसवते. एमसीबी असली तर खटका पाडून त्यावर चिठ्ठी चिकटवावी आणि एका शहाण्या माणसाला तिथे उभे करावे. त्याने तिथून हलू नये. घरात इन्व्हर्टर असेल, तर तोही बंद करायचा. मेन पाडला तरी इन्व्हर्टर बॅटरीची वीज त्याच तारांत सोडतो, आणि तीही २३० व्होल्टचीच असते. आणि भारनियमनात वीज गेलीच आहे, तर तेवढ्यात दिवा बदलून घेऊ, असे चुकूनही करू नका. गेलेली वीज कोणाला विचारून परत येत नाही.

मग टेस्टर. टेस्टरमधला दिवा लागतो तो तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक प्रवाहावर. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर, रबरी चपला घालून उभे असाल, तर तो इतका मंद लागेल की दिवसाउजेडी दिसणारही नाही. म्हणून आधी मेन चालू असताना, स्टुलावर तसेच उभे राहून, जिथे वीज नक्की आहे अशा सॉकेटवर तो लागतो का ते पाहा. स्टुलावरून हात पुरत नसेल, तर तिथे दुसरा टेस्टर किंवा दिव्याची जोडणी असलेला वायरमन आणा. मग मेन बंद करून बैठकीच्या प्रत्येक तारेवर टेस्टर टेका, एकीवर नव्हे, सगळ्यांवर. आणि शेवटी पुन्हा तो जिवंत ठिकाणी तपासा, कारण टेस्टर मध्येच बिघडला असेल तर तो तुम्हाला खोटे सांगेल. शेवटची ही फेरी बहुतेक लोक टाळतात. अगदी खात्री हवी असेल, तर दोन टोकांचा मीटर घ्यावा.

आता जुने काम उतरवा. त्याआधी कोणती तार कुठे होती, ते कागदावर काढा किंवा फोटो घ्या. दोन तारा आल्या असतील तर काम सरळ आहे. तीन-चार आल्या असतील, आणि त्यांतली एक हिरवी अर्थिंगची नसेल, तर अंदाजाने जोडू नका. तिथे परवाना असलेला वायरमन बोलवावा, त्यात कमीपणा नाही. कायदाही हेच म्हणतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, घरातले वायरिंगचे काम परवानाधारकानेच करावे असे होते, पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि फिटिंग यांची बदली, मूळ जोडणीची ताकद किंवा स्वरूप न बदलता होत असेल, तर तिला सूट होती. २०१० च्या नियमांनीही ती सूट ठेवली. म्हणजे दिव्याच्या जागी दिवा बसवा, पण तिथूनच नवी तार काढून गोठ्यात नेऊ नका.

तारेचे टोक तपासा. जुनी रबरी वायर असेल, तर वर्षानुवर्षे बल्बच्या उष्णतेने तिचे कवच कडक झालेले असते. वाकवताच त्याचे तुकडे पडतात. चांगले कवच लागेपर्यंत टोक कापा. ते लागलेच नाही, तर थांबा. तार आतपर्यंत गेलेली आहे, आणि आता प्रश्न दिव्याचा राहिलेला नाही, वायरिंगचा आहे. पट्टी गुंडाळून वेळ मारून नेण्याची ही जागा नव्हे, वर सुके लाकूड आहे.

लामणदिव्याच्या कडीचे मघाशी म्हणालो, ते इथे कामाला येते. दिव्याचा भार कधीही तारेवर टाकायचा नाही. बैठक तुळईला किंवा लाकडी गुटक्याला स्क्रूने पक्की करा. स्लॅब असेल तर भोक पाडून गुल्ला ठोका. झुंबर जड असेल, तर ते पंख्याच्या हुकासारख्या पक्क्या हुकालाच टांगावे. लोंबता होल्डर असेल, तर झाकणाच्या आत तारेला गाठ मारावी. ओढ त्या गाठीवर येते, स्क्रूवर येत नाही. जुने वायरमन ही गाठ कधी चुकत नसत.

जोडताना कवच फक्त एवढेच सोलायचे, की तांबे पूर्ण स्क्रूच्या आत जाईल. बाहेर तांबे दिसता कामा नये. स्क्रू आवळल्यावर तार हलकेच ओढून पाहा. सैल जोड तापतो, आणि होल्डर काळा पडण्याचे नेहमीचे कारण तेच असते. आट्यांचा होल्डर असेल, तर फेज मधल्या बुडाच्या पत्रीला द्या, आट्यांच्या कड्याला नव्हे. बल्ब फिरवताना बोट त्या कड्याला लागते. दिवा धातूचा असेल, तर त्याची अर्थिंगची तार लावलीच पाहिजे. ती वर आलेलीच नसेल, तर धातूचा दिवा परत करा आणि प्लॅस्टिकचा, दुहेरी कवचाचा घ्या. अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात कोरडा पडतो. मुरमाड जागेत चैत्र-वैशाखात त्यात पाणी ओतत जावे.

मावळात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कौलातून गळलेले पाणी वाशावरून, वाशावरच्या वायरीवरून, ओघळत थेट बैठकीत उतरते. छताखाली बाकी सगळीकडे कोरडे असते, आणि झाकणात मात्र वाटीभर पाणी साचलेले असते. म्हणून बैठकीकडे येणारी वायर आधी थोडी खाली लोंबवून मग वर न्यावी. पाणी त्या वळणावर ठिबकून जाते. भिजलेला दिवा पुरता वाळेपर्यंत लावू नये. घरात तीस मिलीअँपिअरची गळती-रोधक कळ बसवून घेतली, तर गळती होताच ती निमिषात वीज तोडते. ज्या घरात लहान मुले आणि ओल्या भिंती आहेत, तिथे हा खर्च नव्या झुंबराआधी करावा.

इतके करूनही कोणी चिकटलेच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. मेन लांब असेल, तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून बाजूला ढकला. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळव्यांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहा, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. पाठीला माती चोळणे, पाणी पाजणे, यात जाणारा वेळ परत मिळत नाही. शिक्षकांनी मोठ्या मुलांना हे दाबणे उशीवर करून दाखवावे.

सगळे जोडून झाले, झाकण बसले, की स्टूल बाजूला घ्या. खिशातला फ्यूज मेनवर परत लावा, खटका चढवा, आणि मग बटण दाबा. दिवा लागला तर बटण बंद करून पुन्हा एकदा टेस्टर होल्डरच्या दोन्ही पत्र्यांना लावून पाहा. बटण बंद असताना तिथे टेस्टर चमकला, तर ते बटण न्यूट्रलवर आहे, असा संशय धरावा. तेव्हा मेन पाडून ठेवा आणि वायरमनकडून ते फेजवर करून घ्या. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, आणि कोणत्या रंगाची तार कशाची. पुढच्या वेळी स्टुलावर तुमचा मुलगा असेल किंवा सून असेल.